पंचम ट्रिब्यूट शो बघून आलो. ट्रॅक न लावता नऊ वादकांत काय काय वाजवता येईल?

साइडऱ्हिदम सांगली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, गावभागातला. दिवसा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो आणि १९९६ पासून ऑर्केस्ट्रात साइड ऱ्हिदम, म्हणजे तबला-ड्रमच्या जोडीची छोटी तालवाद्यं, वाजवतो. लग्नं, गणपती, जत्रा, सगळं केलंय. प्रश्न शेवटी आहे, पण तो का पडला ते आधी सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

गेल्या शनिवारी आमच्याकडं आर. डी. बर्मन, म्हणजे पंचमदा, यांच्या गाण्यांचा ट्रिब्यूट शो झाला. बँड बाहेरगावचा, नावाजलेला. नाव लिहीत नाही, त्यातली दोन पोरं माझ्या ओळखीची आहेत आणि दोघंही कष्टाळू आहेत. तिकीट ५०० रुपये, हॉल फुल्ल. मी चौथ्या रांगेत उजव्या हाताला बसलो, म्हणजे पर्कशनवाल्याच्या बरोबर समोर. जागा मुद्दाम तीच घेतली होती.

तिसरं गाणं 'चुरा लिया है तुमने'. पर्कशनच्या पोरानं काचेचा ग्लास उचलला, चमचा उचलला, आणि नुसता ग्लास दिसला तसा सगळा हॉल ओरडला. १९७३ सालचं गाणं, पण ग्लासवरच्या चमच्यानं सुरुवात होते हे आपल्या लोकांना अजून पाठ आहे. माझ्याही अंगावर काटा आला. मग 'टिंग' ऐकू आलं, आणि चमचा ग्लासला लागला तो त्यानंतर. फरक अगदी बारीक होता, पण मी आयुष्यभर हेच काम केलंय, मला दिसतो. नीट बघितलं तर ग्लासजवळ माइकच नव्हता.

तिथून पुढं मला गाणी ऐकूच येईनात, मी फक्त हात बघत बसलो. रेझो-रेझो वाजतोय, आणि पोरगा तो खाली ठेवून रुमालानं तोंड पुसतोय, तरी वाजतोय. ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लय धरायला मशीनची टिकटिक, बेसवाला लॅपटॉपकडं बघतोय. स्टेजवर मी मोजलेली माणसं अकरा, आणि गाण्याचा निम्मा भार कोपऱ्यातल्या लॅपटॉपवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या ट्रॅकवर. गायिकेसाठी स्केल उतरवली होती. ती वादकांनी उतरवली असती तर प्रश्न नव्हता, पण अख्खा ट्रॅकच मशीनवर खाली ओढलेला. त्यामुळं ट्रॅकमधल्या तबल्याची चाट मऊ पडली होती, ओल्या पुडीसारखी. शेजारी खरा तबला खणखणीत लावून बसलेला माणूस होता आणि त्याचा आवाज मिक्समध्ये मागं ढकललेला.

सगळ्यात जास्त लागलं ते मध्यंतरानंतर. गायिकेनं 'मेरा कुछ सामान' घेतलं. हे गाणं मी कधी वाजवलेलं नाही, पण शेकडो वेळा ऐकलंय. त्यातल्या ओळी एका मापाच्या नाहीत, एक लांब, एक तोकडी, गद्य पत्र वाचावं तशा. तिथं गाणाऱ्याला श्वासाला जागा द्यावी लागते आणि साथीला थांबावं लागतं. मुलगी खरोखर चांगली गात होती. आशाताईंची नक्कल न करता स्वतःच्या गळ्यानं. एका ओळीवर तिनं शब्द जरा धरून ठेवला, सुंदर धरला, आणि ट्रॅक पुढं निघून गेला. पुढच्या ओळीचे पहिले दोन शब्द तिला गिळावे लागले.

गाणं संपलं तसं मागून 'वन्स मोअर' आला. तो सांगलीचा वन्स मोअर होता मंडळी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं नाटक उभं केलं त्या गावाचा. आमच्या आज्या-पणज्यांनी नाट्यपदांना तीन-तीन वन्स मोअर घेतलेत, आणि इथं लोक मुखडा तरी परत मागणारच. मुलीचा चेहरा उजळला. तिनं लॅपटॉपवाल्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. पुढच्या गाण्याची फाइल लागली होती. ती माइकवर 'थँक्यू' म्हणाली आणि मागं सरकली.

चांगलं होतं तेही सांगतो. सॅक्सोफोनवाले काका साठीच्या पुढचे असावेत. त्यांचा आवाज खरा होता. पीस, म्हणजे गाण्यातला नुसत्या वाद्याचा तुकडा, सुरू करण्याआधी त्यांचा श्वास माइकमध्ये ऐकू यायचा आणि त्यांच्या पीसच्या वेळी तबलेवाला मान वर करून त्यांच्याकडं बघायचा. अख्ख्या तीन तासांत स्टेजवर एकमेकांकडं बघणारी मला दिसली ती हीच दोन माणसं. गिटारच्या पोराचा हातही स्वच्छ.

आणि निवेदन. पंचमदांवर भरपूर बोलले, पण वादकांपैकी एकाचंही नाव घेतलं नाही, ना स्टेजवरच्यांचं, ना रेकॉर्डवरच्यांचं. मारुतीराव कीर, होमी मुल्लाँ, अमृतराव काटकर, फ्रँको वाझ, मनोहारी सिंग, रणजित गझमेर. ज्यांच्या हातांची नक्कल चाललीय त्यांची नावं तरी सांगा. आशाताईंचा जन्म सांगलीचा, ८ सप्टेंबर १९३३, हे सांगलीच्या स्टेजवर उभं राहून कुणी बोललं नाही. एवढं एक वाक्य आलं असतं तर हॉल उभा राहिला असता.

आता प्रश्न. आम्ही सांगली-मिरजेचे नऊ वादक २७ जूनला, पंचमदांच्या जयंतीला, छोटा कार्यक्रम करायचं म्हणतोय. ड्रम, तबला-ढोलक, मी, बेस, गिटार, दोन कीबोर्ड, एक व्हायोलिन, आणि बासरी-सॅक्स दोन्ही वाजवणारा एक. ट्रॅक अजिबात नाही. व्हायोलिनचा भरणा कसा करायचा? कोणती गाणी नऊ जणांत खरी वाटतील, कोणती सोडून द्यावीत? आमचा गिटारवाला 'पिया तू अब तो आजा'साठी हटून बसलाय. अनुभवी लोकांनी सांगा.

कीबोर्ड, सातारा

दादा, मनापासून लिहिलंय, म्हणून मीही सरळ लिहितो. तुम्ही ज्याला लॅपटॉपवाला म्हणताय ते काम मी चार वर्षं केलंय. पोवई नाक्याजवळ माझा क्लास आहे आणि महिन्यातून तीन-चार शो करतो.

ट्रॅक हौसेनं कुणी लावत नाही. नऊ वादक म्हणजे मानधनाची नऊ पाकिटं, दोन गाड्या, दोन वेळचं जेवण आणि किमान सहा रिहर्सल. आयोजक रिहर्सलचे पैसे देत नाही. वादक नोकरी-धंदा सांभाळून येतात, त्यातला एक कायम उशिरा येतो. ट्रॅक असला की एका रिहर्सलमध्ये शो उभा राहतो. त्या पोरांना दोष देऊ नका, त्यांच्या पाकिटात बसणारं काम तेवढंच होतं.

पण वन्स मोअरचं वाचून मी गप्प झालो. माझ्या हातूनही एकदा तेच झालंय, शाहू कला मंदिरात. मीही मान हलवली होती. त्यानंतर मी प्रत्येक गाण्याचे तुकडे करून ठेवायला लागलो, मुखडा वेगळा, अंतरा वेगळा, म्हणजे हवं तिथं परत जाता येतं. एका गाण्याला तासभर काम आहे, फार नाही. तेव्हा तिथं ट्रॅकचा दोष निम्मा आणि तयारीचा निम्मा.

तुमच्या प्रश्नाकडं येतो. व्हायोलिन: मूळ रेकॉर्डवर मोठा ताफा आहे, तो आवाज आणायला जाऊच नका. वरची ओळ खऱ्या व्हायोलिनला द्या, आणि एका कीबोर्डवर स्ट्रिंग्ज त्याच्याखाली, आवाज इतका कमी की बंद केल्यावरच कळावं की होत्या. माणसाचा कान वरच्या ओळीला धरून चालतो. वर खरा गज फिरत असला की खालचं खोटं खपून जातं. उलटं केलंत, म्हणजे कीबोर्ड मोठा आणि व्हायोलिन त्यात बुडालेलं, की सगळंच प्लॅस्टिक वाटतं. आणि दोन्ही कीबोर्डवाल्यांनी एकाच वेळी स्ट्रिंग्ज वाजवायच्या नाहीत हे आधीच ठरवून घ्या. आमच्यात भांडणं झालीत यावरून.

'पिया तू' सोडा. त्याचा जीव ब्रासमध्ये, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांत, आहे. एक सॅक्स आणि कीबोर्डची ट्रम्पेट घेऊन ते होत नाही, लोक मनातल्या मनात रेकॉर्ड लावून ऐकतील. गिटारवाल्याला 'चिंगारी कोई भडके' द्या. भैरवी आहे, माणसं कमी लागतात, आणि गिटारला पहिल्यापासून काम आहे. 'मेरा कुछ सामान' जरूर घ्या, पण ड्रमरला त्यात क्लिक देऊ नका. एकाच माणसानं, शक्यतो कीबोर्डवाल्यानं, गायिकेच्या श्वासाकडं बघायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मानेकडं.

विश्रामबागहून एक श्रोती

मी त्याच कार्यक्रमाला होते. संगीतातलं मला शास्त्र कळत नाही, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. सासूबाईंना घेऊन गेले होते, त्यांचं वय ८१. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं त्या कुठल्या कार्यक्रमाला आल्या नव्हत्या. 'चिंगारी'ला त्यांनी माझा हात धरला तो गाणं संपेपर्यंत सोडला नाही. त्यामुळं तुमचं लिखाण वाचताना पहिल्यांदा मला वाईट वाटलं. आम्ही रडलो ते लॅपटॉपला रडलो का, असं मनात आलं.

मग दुसऱ्यांदा वाचलं. ती मुलगी मागं सरकली ते मीही पाहिलं होतं. मला वाटलं वेळ संपत आली असेल. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अगं, लोक मागतायत तर म्हणत का नाही ती?" त्यांनी लहानपणी संगीत नाटकं पाहिलीत, वन्स मोअर मिळाला आणि दिला नाही असं त्यांच्या डोक्यातच बसेना. घरी येईपर्यंत रिक्षात तेच चाललं होतं.

एक मात्र नोंदवते. आम्हा श्रोत्यांना रेकॉर्डसारखंच हवं असतं, हे तुम्ही वादक मंडळी मान्य करत नाही. पीस बदलला तर आम्हाला खटकतं. तेव्हा २७ जूनला तुम्ही बदल करणार असाल तर आधी दोन शब्द सांगा, आम्ही समजून घेऊ. आणि रेझो-रेझो म्हणजे काय? गाण्यात तो कुठं ऐकायचा? इतकी वर्षं ऐकतेय, हे नाव पहिल्यांदा कळलं.

साइडऱ्हिदम सांगली

बाई, तुम्ही रडलात ते त्या गायकाला आणि गाण्याला. ते खरंच होतं, त्यात काही खोटं नाही. माझी तक्रार एवढीच की त्या गायकाच्या मागं जी माणसं बसली होती त्यांना तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही.

रेझो-रेझो हे दक्षिण अमेरिकेकडचं वाद्य. खाचा पाडलेलं असतं, त्यावरून काडी घासायची. खर्र-खच्च असा आवाज येतो, एक लांब आणि दोन आखूड. पंचमदांकडं अमृतराव काटकर ते वाजवायचे. आता कुठं ऐकायचं. पंचमदांचं कुठलंही मध्य लयीतलं गाणं लावा, तबला-ड्रम सोडून द्या, आणि त्या दोन्हींच्या फटीत काय घासलं जातंय ते शोधा. तबला जमीन धरतो, आणि ही खरखर गाण्याला किंचित पुढं ढकलत राहते. ती प्रत्येक वेळी अगदी तंतोतंत त्याच जागी पडत नाही. माणसाचा हात आहे, गाणारा रेलला की हातही रेलतो. आम्ही 'झोल' म्हणतो त्याला, चांगल्या अर्थानं. मशीनवर तीच खरखर कापून चिकटवली की प्रत्येक घास सारखा होतो आणि गाणं चालायचं सोडून जागच्या जागी पाय आपटायला लागतं.

ही माणसं साध्या वस्तूंतून आवाज काढायची. १९६८ च्या 'पडोसन'मधल्या खिडकीच्या गाण्यात कंगवा घासलाय. 'शोले'तल्या 'मेहबूबा'ला बाटलीत फुंकर मारलीय. म्हणून मला तो ग्लास इतका लागला. ज्या माणसानं घरातला ग्लास वाद्य म्हणून माइकपुढं आणला, त्याच्या आठवणीच्या कार्यक्रमात ग्लास फक्त दाखवायला होता.

मादलचंही सांगतो, कारण तो माझ्या घरात आहे. नेपाळचं वाद्य, आडवं धरून दोन्ही हातांनी वाजवायचं, दोन्ही तोंडांना शाई. दार्जिलिंगचे रणजित गझमेर पंचमदांकडं आले ते हे घेऊन, १९७१ च्या 'कांची रे कांची रे'ला. पुढं वेगवेगळ्या सुरांत लावलेले मादल ते वापरायला लागले. माझा मादल २००४ साली आमच्या गल्लीत रात्रीची राखण करणाऱ्या नेपाळी दाजूंनी गावाकडून येताना आणून दिला. पैसे घेत नव्हते, बळंच दिले. २०१९ च्या महापुरात घरात पाणी आलं तेव्हा तो माळ्यावर होता, पण पाणी तिथंही पोचलं. आठ दिवसांनी खाली काढला तर शाईचा चिखल झालेला आणि पुडीला वास. मिरजेच्या एका तबलेवाल्या मामांनी दोन्ही पुड्या नव्या चढवून दिल्या. त्यांनी आधी कधी मादल केला नव्हता. तीन वेळा शाई खरवडून परत बसवली, तेव्हा कुठं बारीक तोंड बोलायला लागलं. 'कांची रे' मी त्याच मादलवर वाजवणार आहे.

साताऱ्याचे भाऊ, पाकिटाचं तुम्ही बरोबर सांगितलंत. मी ते लिहायला पाहिजे होतं. पोरांचा दोष नाही हे मला मान्य. पण मग शोच्या पोस्टरवर 'लाइव्ह' हा शब्द एवढा मोठा छापू नये, असं मला अजून वाटतं. आणि तुकडे करून ठेवायची युक्ती मी त्या दोन ओळखीच्या पोरांना सांगणार आहे. त्यांना ऐकायला आवडेल, कारण शो झाल्यावर मागच्या दाराशी चहा पिताना पर्कशनचा पोरगा आपणहून म्हणाला होता, "काका, ग्लासला माइक मागितला होता मी."

साउंड, कुपवाड

ग्लासवर बोलतो, बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

माइक न देण्याचं कारण मी सांगू शकतो. ग्लासचा आवाज बारीक, तो उचलायला माइक उघडा ठेवला की शेजारच्या ड्रमच्या झांजा सगळ्या त्यात शिरतात. साउंडवाला घाबरतो आणि ट्रॅकवर भागवतो. उपाय सोपा आहे. त्या गाण्याच्या सुरुवातीला ड्रम वाजतच नाही. कंडेन्सर माइक ग्लासपासून चार बोटांवर, फक्त सुरुवातीपुरता उघडायचा, ड्रम आला की बंद. वरचा पंखा बंद ठेवायला सांगा. वाजवणाऱ्यानं ग्लास मुठीत धरायचा नाही, मुठीत आवाज मरतो. खाली जाड फडकं घालून ठेवा, नाहीतर बुडाशी दोन बोटांत धरा. जाड बुडाचा ग्लास नको, पातळ घ्या.

सूर लावताना एक लक्षात ठेवा, यात लोक हमखास चुकतात. ग्लासवर चमचा मारायचा असेल तर पाणी वाढवलं की सूर उतरतो, कारण काच जड होते. बाटलीत फुंकर मारायची असेल तर पाणी वाढवलं की सूर चढतो, कारण आतली हवा थोडी उरते. 'मेहबूबा'साठी दोन-तीन बाटल्या लावणार असाल तर पाण्याच्या पातळीला बाहेरून चिकटपट्टी मारून खूण करा. गाडीत हिंदकळून पाणी कमी-जास्त झालं की स्टेजवर शोधत बसायला वेळ नसतो.

कीबोर्ड, सातारा

कुपवाडचे दादा, हे मी लिहून घेतलं. पोस्टरवरच्या 'लाइव्ह'बद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. गायक लाइव्ह असतो, ते खोटं नाही. पण २७ जूनला तुमच्याकडं दुसऱ्या कीबोर्डला माणूस पक्का नसेल तर मला कळवा. साताऱ्याहून सांगलीला अडीच तासांत येतो. पाकीट नको, रिहर्सलला बोलवा मात्र, नुसतं शोला नाही.

साइडऱ्हिदम सांगली

भाऊ, या. दुसऱ्या कीबोर्डचा पोरगा बारावीला आहे, त्याच्या आईनं कालच नाही म्हणून सांगितलं. रिहर्सल दर रविवारी सकाळी ९ वाजता, कर्नाळ रोडला आमच्या बेसवाल्याच्या गोडाऊनमध्ये. पत्रा आहे, आवाज घुमतो, म्हणून भिंतींना हळदीची रिकामी पोती टांगलीत. बराच फरक पडतो.

गाणी तूर्त बारा धरलीत. 'पिया तू' काढलं. गिटारवाला दोन दिवस बोलला नाही, मग 'चिंगारी'चा सुरुवातीचा पीस बसवून मलाच फोनवर ऐकवला. 'मेरा कुछ सामान'ला क्लिक नाही. ही गायिका कोण ते सांगतो, मी त्या शोमधल्या मुलीलाच विचारलंय. जयसिंगपूरची आहे, जवळच. तिची एकच अट आहे, वन्स मोअर आला तर द्यायचा.

बाई, सासूबाईंना घेऊन या. पहिल्या रांगेत कडेची खुर्ची ठेवतो, म्हणजे पाय लांब करता येतील. पीस जिथं बदललाय तिथं गाण्याआधी सांगू, आणि वादकांची नावं प्रत्येक गाण्याआधी, रेकॉर्डवरच्यांची आणि आमची.

कुपवाडचे दादा, काल रात्री घरातले सगळे ग्लास ओट्यावर मांडून वाजवून बघितले. स्टीलचे बाजूला केले तर काचेचे सात उरले. त्यातला एक, बायकोच्या माहेरहून आलेला पातळ सरबताचा, तळाला दोन बोटं पाणी घातल्यावर गाण्याच्या सुरात लागला. कंडेन्सर तुमच्याकडं आहे का? रविवारी आणाल?